जर्मनी आणि इटली: दोन देशांचे औद्योगिक उत्पादन कसे ताडून पाहावे

युरोपीय संघात कारखानदारीत जर्मनी पहिला आणि इटली दुसरा. या दोघांची गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली वाटचाल शेजारी ठेवून पाहायला लागणारी आकडेवारी संघाच्या युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एक्सेलमध्ये आलेख काढता आला की पुरे. चुका होतात त्या आकडा निवडताना.

म्हणून आधी आपला प्रश्न कागदावर लिहा. ‘कोण जास्त बनवतो?’ आणि ‘कोणाचे उत्पादन जास्त वाढले?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दोन्हींसाठी निराळी आकडेवारी लागते.

दुसऱ्या प्रश्नासाठी औद्योगिक उत्पादन निर्देशांक घ्या. आपल्या वर्तमानपत्रांत दर महिन्याला ‘आयआयपी’ म्हणून छापून येतो, त्याच जातीचा हा आकडा. उलाढालीच्या आकड्यांवर काम भागवू नका. 2022 मध्ये गॅस आणि वीज भडकली तेव्हा मालाच्या किमती चढल्या आणि उलाढाल फुगली. माल मात्र तेवढा वाढला नव्हता. निर्देशांक किमतीचा परिणाम काढून टाकून मालाचे प्रमाण मोजतो.

युरोस्टॅटच्या शोधचौकटीत ‘एसटीएस_आयएनपीआर_एम’ हा संकेत रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाका. मासिक तक्ता उघडेल. त्यात विभाग निवडायचा असतो: ‘बी’ म्हणजे खाणी, ‘सी’ म्हणजे कारखानदारी, ‘डी’ म्हणजे वीज-गॅस. बातम्यांत बहुधा तिन्हींची बेरीज असते. मी ‘सी’च घ्यायला सांगेन. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्यामुळे घटलेली वीज बेरजेत उतरते आणि कारखानेच मंदावल्याचा भास होतो.

मग हंगाम आणि दिनदर्शिका या दोन्हींसाठी समायोजित केलेली, म्हणजे दरवर्षीचे चढ-उतार आणि महिन्यातले कमी-जास्त कामाचे दिवस यांचा परिणाम काढून टाकलेली मालिका निवडा. इटलीत 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सुमारास कित्येक कारखाने आठवडेच्या आठवडे बंद असतात. कच्च्या आकड्यांत दर ऑगस्टला खोल दरी दिसते आणि जर्मनीशी तुलना तिथेच फसते. जर्मनीचे आकडे 1991 पासून धरा, कारण एकीकरण 3 ऑक्टोबर 1990 चे. त्याआधीच्या मालिका बहुधा फक्त पश्चिम जर्मनीच्या.

आता सर्वांत जपून करायचे काम: आधारवर्ष. सध्याच्या मालिकेत 2021 = 100 आहे, म्हणजे दोन्ही देशांची 2021 ची सरासरी 100 धरली आहे. तसाच आलेख काढला तर 2007 साली इटलीची रेषा जर्मनीच्या बरीच वर दिसते. त्यावरून इटली तेव्हा जर्मनीहून जास्त माल बनवत होती असे समजणे साफ चूक. प्रत्येक रेषा त्या देशाला त्याच्याच 2021 शी ताडते, शेजाऱ्याशी नाही.

म्हणून आधारवर्ष स्वतः बदला. प्रत्येक देशाची 2007 ची सरासरी काढा, त्या देशाच्या प्रत्येक आकड्याला तिने भागा आणि 100 ने गुणा. समजा 2007 ची सरासरी 120 आणि एखाद्या महिन्याचा आकडा 96. तर नवा आकडा 80, म्हणजे 2007 च्या तुलनेत 20 टक्के घट. असे केल्यावर खरी गोष्ट समोर येते. 2008-09 च्या संकटात दोघेही कोसळले. जर्मनी काही वर्षांत सावरून 2018 च्या सुमारास नव्या उंचीवर गेला आणि मग घसरू लागला. इटलीला 2007 ची पातळी पुन्हा गाठताच आली नाही. एखादेच वर्ष निवडल्याचा संशय नको असेल, तर 2000 धरून दुसरा आलेखही काढा.

‘कोण जास्त बनवतो’ यासाठी राष्ट्रीय लेख्यांतले (जीडीपी काढतात त्या हिशोबातले) कारखानदारीचे मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल, वीज वगैरेंचा खर्च वजा जाता उरते ती रक्कम, अब्ज युरोंत, पाहा. इथे जर्मनी इटलीच्या दुपटीहून पुढे आहे. 1999 च्या, म्हणजे युरो येण्याच्या आधीचे आकडे घेताना सावध राहा: सप्टेंबर 1992 मध्ये इटलीचे तेव्हाचे चलन लिरा गडगडला, त्यामुळे मार्क या जर्मन चलनात मोजलेली इटलीची कारखानदारी रातोरात आक्रसली, यंत्रे मात्र तशीच चालू होती.

जर्मनीत 2018 नंतर निर्देशांक आणि मूल्यवर्धन यांची साथ सुटलेली दिसेल: उत्पादनाचा आकडा जितका उतरला, तितके मूल्यवर्धन उतरले नाही. गाड्या कमी पण महाग, शिवाय संशोधन आणि सॉफ्टवेअरचा वाटा मोठा, हे त्याचे एक कारण. नुसता निर्देशांक पाहून जर्मन उद्योग संपल्याची हाकाटी करणाऱ्यांनी ही दुसरी रेषा जरूर काढावी.

घट कुठून आली हे शोधायला ‘सी’च्या पोटातल्या शाखा उघडा. जर्मनीत 2017 मध्ये सुमारे 56 लाख मोटारी तयार झाल्या, 2022 मध्ये सुमारे 35 लाख. रसायनांची शाखाही पाहा, गॅसच्या महागाईचा घाव तिथे दिसतो.

मार्च-एप्रिल 2020 च्या टाळेबंदीत इटलीने अनावश्यक कारखाने बंद केले होते. त्यामुळे एप्रिल 2021 ची ‘गेल्या वर्षापेक्षा वाढ’ अफाट दिसते. ती वापरू नका, 2019 शी तुलना करा. मासिक उड्यांसाठी तीन महिन्यांची सरासरी घ्या. आणि आलेखाखाली विभाग, समायोजन, आधारवर्ष व आकडे उतरवल्याची तारीख लिहा, कारण अलीकडच्या महिन्यांचे आकडे युरोस्टॅट नंतर सुधारते.