चेडवर्थचा रोमन व्हिला बघायचा कसा

इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स या डोंगराळ भागात जाणारे आपले लोक बायबरी गावात फोटो काढून परत फिरतात, चेडवर्थच्या व्हिलाकडे, म्हणजे रोमन काळातल्या वाड्याकडे, कोणी वळत नाही, आणि जे वळतात ते "अरे हे तर नुसतं जोतं आहे" म्हणत वीस मिनिटांत बाहेर. त्यांचंही बरोबर आहे, भिंती जेमतेम कमरेएवढ्या उरल्यात. म्हणून भिंती सोडा, पाणी आणि जाळ शोधत फिरा.

आधी वरच्या कोपऱ्यातला झरा गाठा. अष्टकोनी कुंड आहे, पाणी अजून येतं. अख्खा वाडा इथं का बांधला ते तिथं उभं राहिलं की कळतं. मग न्हाणीघरं, एक वाफेचं आणि एक कोरड्या उष्णतेचं, म्हणजे हौस बघा! जमीन फुटलीये तिथं वाकून बघा, खाली बुटक्या खांबांच्या रांगा दिसतील. बाहेर भट्टी पेटवायची, गरम हवा फरशीखालून फिरून भिंतीतल्या पोकळ विटांतून वर जायची. आपला बंब फक्त पाणी तापवतो, इथं अख्खी खोली तापायची.

जेवणघराच्या मोझॅइकमध्ये, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्रफरशीत, चार कोपऱ्यांत चार ऋतू होते, त्यातला शरद गेलाय. हिवाळा मात्र सोडू नका, टोपीवाली घोंगडी पांघरलेला, एका हातात ससा आणि दुसऱ्या हातात पानं झडलेली फांदी, अगदी थंडीनं कुडकुडलेला इंग्लंडातला माणूस वाटतो.

आता सगळ्यात भारी गोष्ट. उत्तरेकडच्या एका खोलीतलं मोझॅइक जरा ओबडधोबड आहे, चुकाही आहेत त्यात. २०२० मध्ये त्याची तारीख जाहीर झाली, आणि ती निघाली कशावरून तर खोलीच्या भिंतीच्या पायात सापडलेल्या कोळशाच्या आणि हाडांच्या वयावरून. भिंत इ.स. ४२४ नंतरची, म्हणजे फरशी त्याच्याही नंतरची! ब्रिटनमधलं रोमन राज्य तर ४१० च्या आसपासच संपलेलं. सरकार गेलं तरी कोणीतरी घरात नवी फरशी घालत होतं. म्हणून कुठल्याही साइटवर फरशी बघून झाली की भिंतीखाली काय निघालं ते आधी विचारायचं.

मधोमध जे टुमदार घर दिसतं ते रोमन नाही हां, १८६४ मध्ये व्हिला सापडल्यावर व्हिक्टोरियन लोकांनी बांधलंय. आणि पाऊस पडून गेला असेल तर गवतात जपून पाय टाका, मोठ्ठ्या गोगलगायी फिरतात, रोमन लोकांनी खायला आणलेल्यांचे वंशज म्हणे.