तालुक्याच्या डॉक्टरांना मायस्थेनिया शिकवताना

सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी-वर्गात, मी स्लाइड्स 10च ठेवतो. एका डॉक्टरला खुर्चीत बसवा, मिनिटभर वर बघत राहायला सांगा. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू वापरले की थकत जाण्याच्या आजारात, इथेच पापणी हळूहळू उतरते. मग हातमोज्यात बर्फ भरून मिटल्या पापणीवर 2 मिनिटं. पापणी 2 मिमी तरी वर आली, तर संशय पक्का धरा.

सगळ्यात जास्त वेळ श्वासाला द्या. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. पेशंट 20च्या आत अडकला, उशीवरून मान उचलेना, तर आयसीयू असलेल्या ठिकाणी लगेच हलवा. ऑक्सिमीटर 98 दाखवतोय म्हणून थांबू नका, तो आकडा फार उशिरा पडतो! हे मी दोनदा सांगतोच.

आणि पावसाळ्यात पहाटे अचानक पापण्या पडलेला पेशंट आला, तर आधी मण्यार साप आठवा, त्याच्या विषानेही पापण्या अशाच पडतात. दंशाची खूण दिसेलच असं नाही.