लसींचा फ्रिज आणि केंद्रप्रमुखाचं काम

इंदूरच्या शहरी आरोग्य केंद्राचा कारभार हाती आला, की आधी आयएलआरची, म्हणजे लसींच्या खास फ्रिजची (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर), तापमान-वही उघडा. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद हवी, रविवारी आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशीही. महिनाभर सरसकट ४ अंशच लिहिलेलं दिसलं, तर बहुधा थर्मामीटर कुणी पाहिलेलाच नाही. रागावू नका, शेजारी उभं राहून आकडा स्वतः वाचा. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवं.

सगळे उन्हाळ्याला भितात, पण गोठणंही तितकंच घातक. पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी एकदा गोठल्या की बाद, आणि वितळल्यावर कुपी वरवर ठीकच दिसते. त्या वरच्या टोपलीतच ठेवायच्या, तळाशी कधीच नाही.

सुट्टीत वीज गेली तर किल्ली कुणाकडे, ते नाव दारावर लावा.