साखरयुक्त पेयांवरच्या स्थानिक कराच्या सुनावणीला जाताना

जनसुनावणीत बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. ती ‘आरोग्य आधी’ किंवा ‘काय प्यायचं ते लोकांना ठरवू द्या’ असं सांगण्यात घालवली तर कुणाचंच मत हलत नाही, कारण ही दोन्ही वाक्यं सगळ्यांनी आधीच ऐकलेली असतात. कर टिकतो की कोसळतो, हे मसुद्यातली तीन-चार कलमं ठरवतात. तुम्ही बाजूने असा वा विरोधात, मसुदा मिळवून पुढच्या गोष्टी तपासा.

सगळ्यात आधी व्याख्या वाचा. कोणतं पेय करपात्र आहे? साखर, मध, कॉर्न सिरप असं उष्मांक देणारं काही घातलेलं पेय, की साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घातलेली डाएट पेयंही? अमेरिकेत बर्कली आणि सिएटलने डाएट पेयं वगळली, फिलाडेल्फियाने ती धरली. हा फरक किरकोळ नाही. डाएट पेय धरलं तर उत्पन्न वाढतं, पण ‘हा कर साखरेसाठी आहे’ हा युक्तिवाद लंगडा पडतो आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. मग अपवादांची यादी पाहा. दूध, १०० टक्के फळांचा रस, बाळांचं दूध आणि वैद्यकीय पेयं बहुतेक ठिकाणी वगळलेली असतात. गोड केलेली कॉफी, चवीचं दूध, पाण्यात मिसळायची पावडर आणि सिरप यांबद्दल मसुदा गप्प असेल, तर पहिला वाद तिथेच होणार.

सिरपचा हिशेब तर अनेकदा चुकतो. उपाहारगृहांत पेय थेट पेल्यात भरून देणाऱ्या फाउंटन मशीनचं सिरप साधारण एकास पाच प्रमाणात पाण्यात मिसळतात, म्हणजे तयार पेय सिरपच्या सहापट होतं. पाच गॅलनच्या पिशवीतून ३० गॅलन, म्हणजे ३,८४० औंस (एक औंस सुमारे ३० मिलिलिटर) पेय निघतं. औंसाला एक सेंट दराने त्या एका पिशवीवर ३८.४० डॉलर कर बसतो. मसुद्यात ‘सिरपच्या आकारमानावर’ असं लिहिलं असेल तर तोच कर ६.४० डॉलर होतो. ‘उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणानुसार तयार होणाऱ्या पेयावर’ हे शब्द मसुद्यात हवेतच.

दराचं एकक तीन प्रकारचं असू शकतं. किमतीच्या टक्केवारीत कर लावला तर मोठ्या, स्वस्त बाटलीवर लिटरमागे तो सर्वांत कमी पडतो आणि लोक तिकडेच वळतात. आकारमानावरचा कर मोजायला सोपा, पण पेयात साखर पाच ग्रॅम असो वा दहा, कर तेवढाच. शिवाय दर महागाईशी बांधला नाही तर वर्षागणिक तो झिजत जातो. साखरेच्या प्रमाणावरचा कर उत्पादकाला पाककृतीच बदलायला लावतो. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये १०० मिलिलिटरमागे ५ आणि ८ ग्रॅम अशा दोन पायऱ्या ठेवल्या आणि अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच साखर घटवली. पण तो कर देशाचा होता. एका शहरासाठी कुणी पाककृती बदलत नाही, म्हणून शहरं सहसा आकारमानावरच येतात.

आता वसुलीची जागा. हे कलम लोक वाचतच नाहीत. कर वितरकावर असेल तर तो फळीवरच्या किमतीत मिसळतो आणि ग्राहकाला वस्तू उचलतानाच दिसतो. गल्ल्यावर वसूल केला तर तो पावतीत दिसतो, म्हणजे खरेदी ठरल्यावर. त्यातून सवय बदलत नाही, राग मात्र येतो. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे २०१७ मध्ये औंसाला एक सेंट कर गल्ल्यावर लावला. सरकारी अन्नसाहाय्यातून केलेल्या खरेदीवर असा कर घेणं संघराज्याच्या कायद्याला मान्य नसल्याने ती खरेदी वगळावी लागली, दुकानांच्या यंत्रांत भलत्याच वस्तूंवर कर लागला आणि खटले उभे राहिले. न्यायालयीन स्थगितीमुळे एक महिना उशिरा, २ ऑगस्टला सुरू झालेला हा कर १ डिसेंबरला संपला. अंदाजपत्रकातली तूट भरायला कर आणायचा आणि वर तो आरोग्यासाठी आहे असं सांगायचं, यानेही त्याचं नुकसान केलं.

उत्पन्नाचा अंदाज स्वतः मांडून पाहा. समजा शहरात वर्षाला ५ कोटी लिटर करपात्र पेय खपतं आणि सरासरी किंमत लिटरला दीड डॉलर आहे. औंसाला एक सेंट म्हणजे लिटरला सुमारे ३४ सेंट. सगळा कर ग्राहकावर गेला तर किंमत साधारण २२.५ टक्के वाढते. अशा पेयांच्या मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का वाढली की खप किती टक्के बदलतो ते प्रमाण, अनेक अभ्यासांत उणे १.२ ते उणे १.६ च्या आसपास येते, उणे १.२ धरली तर खप सुमारे २७ टक्के घटतो. म्हणजे उत्पन्न १.७ कोटी डॉलर नव्हे, १.२५ कोटीच्या आसपास. आजच्या खपाला नुसतं दराने गुणून काढलेला आकडा मांडला जात असेल, तर बोलणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : खप घटणार नसेल तर कर आरोग्यासाठी कसा, आणि घटणार असेल तर हे पैसे येणार कुठून? फिलाडेल्फियाला पहिल्या वर्षी सुमारे ९.२ कोटी डॉलरची अपेक्षा होती, जमा झाले सुमारे ७.९ कोटी.

पैसा कुठे जाणार, याला राजकीय बाजूबरोबर कायदेशीर बाजूही असते. कॅलिफोर्नियात विशिष्ट कामासाठी राखीव कराला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागत, सर्वसाधारण कराला निम्म्याहून एक जास्त पुरे. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने राखीव कर मांडला आणि निम्म्याहून जास्त मतं मिळूनही हरला. त्याच दिवशी बर्कलीने पैसे सर्वसाधारण निधीत टाकले, खर्चाबद्दल शिफारस करायला तज्ज्ञांची समिती नेमली आणि सुमारे ७६ टक्के मतांनी जिंकला. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनेही सर्वसाधारण कराचीच वाट धरली आणि प्रस्ताव मंजूर झाला. तुमच्या ठिकाणी मताधिक्याचा नियम काय आहे आणि असा कर लावायचा अधिकार स्थानिक संस्थेला मुळात आहे का, हे आधीच पाहून ठेवा. राज्याने नवे स्थानिक कर बंद केल्याची उदाहरणं आहेत; कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये नेमकं तेच केलं.

‘गरिबांवर जास्त भार’ हा आक्षेप झटकू नका. उत्पन्नाच्या टक्केवारीत पाहिलं तर तो खरा आहे. त्यावर उत्तर द्यायचं तर जमा पैसा कोणत्या वस्त्यांत, कोणत्या कामासाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली जाणार, हे कलम क्रमांकासह दाखवावं लागतं. तसं कलमच नसेल तर ते घालायला सांगा; बाजूने बोलणाऱ्यांनी तर आवर्जून.

आकडे समोर आले की तीन गोष्टी विचारा : मोजलं काय, तुलना कशाशी, आणि सीमेपलीकडचं धरलं का? विक्री, प्रत्यक्ष पिणं आणि वजन ही तीन वेगळी मापं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावाने सांगू नये. फिलाडेल्फियावरचा २०१९ चा अभ्यास नमुना म्हणून वापरता येतो. तुलनेला असा कर नसलेलं बाल्टिमोर शहर घेतलं होतं. शहरातल्या मोठ्या दुकानांत करपात्र पेयांची विक्री आकारमानाने ५१ टक्के घटली, पण शेजारच्या भागांत ती वाढली. ती वजा केल्यावर निव्वळ घट ३८ टक्के उरली. समर्थक पहिला आकडा सांगतात, विरोधक फक्त सीमेपलीकडची वाढ. तुम्ही दोन्ही सांगा, म्हणजे उरलेल्या बोलण्यावर विश्वास बसतो. नोकऱ्या गेल्याचे किंवा वाचल्याचे दावे असतील तर अभ्यासाचा खर्च कुणी केला, तेही विचारा. पैसा उद्योगाचा असो वा आरोग्य संस्थेचा, आकडा त्यामुळे आपोआप खोटा ठरत नाही, पण पद्धत बारकाईने तपासावी लागते.

बोलण्याचा मसुदा अडीचशे शब्दांत बसवा. एकच दुरुस्ती मागा आणि तिचे नेमके शब्द लेखी द्या, उदाहरणार्थ : ‘कलम अमुकमध्ये “विक्रेत्याकडून” ऐवजी “वितरकाकडून” असे वाचावे.’ सभागृहाला मत नोंदवण्यापेक्षा शब्द बदलणं सोपं जातं. प्रती सदस्यांच्या संख्येइतक्या न्या, एक सचिवाकडे देऊन पोच घ्या, आणि कराचा दर व परिणाम ठरावीक वर्षांनी तपासण्याचं कलम मसुद्यात नसेल तर त्याची मागणी त्याच कागदावर शेवटी लिहा.