तीव्र एंडोमेट्रिओसिसमुळे तरुण वयात गर्भाशय काढण्याचा विचार करताना

पंचविशी-तिशीतली स्त्री ‘माझी पिशवी काढून टाका’ असे म्हणते, तेव्हा तिला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘अजून तुझं वय काय आहे’ असे म्हणून काही जण विषय तिथेच संपवतात, तर ‘काढली की सुटलीस’ असे सांगून काही जण मोकळे होतात. दर महिन्याला वेदनेने अंथरुणाला खिळणाऱ्या स्त्रीची ही मागणी उतावळेपणाची नसते आणि ती वेडेपणाची तर नसतेच. मात्र तिला योग्य उत्तर मिळायचे असेल, तर गर्भाशय काढावे की नाही या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. माझी वेदना नेमकी कुठून येते, हा तो प्रश्न. पुढचे बहुतेक सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर ठरतात.

वेदनेचा उगम शोधणे

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. त्या ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, अंडाशयांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर तर कधी मूत्राशयावर किंवा मूत्रवाहिनीभोवती असतात. म्हणजे हा आजार व्याख्येनेच गर्भाशयाबाहेरचा आहे. केवळ गर्भाशय काढले आणि बाहेरच्या गाठी, चिकटलेले भाग तसेच ठेवले, तर पाळी थांबेल, पण आजार जागेवरच राहील. पिशवी काढूनही दुखणे थांबले नाही, असे सांगणाऱ्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत नेमके हेच घडलेले असते.

याला एक महत्त्वाची बाजू आहे. एंडोमेट्रिओसिस असलेल्या अनेक स्त्रियांना अ‍ॅडिनोमायोसिसही असतो. त्यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीतच शिरलेल्या असतात. गर्भाशय सुजल्यासारखे, दुखरे होते, रक्तस्राव फार होतो आणि पाळीत प्रसूतीकळांसारख्या कळा येतात. हा आजार गर्भाशयातच असल्याने गर्भाशय काढल्यावर तो जातो. त्यामुळे तुमच्या वेदनेत अ‍ॅडिनोमायोसिसचा वाटा किती, हे कळणे फार मोलाचे असते, आणि तज्ज्ञाने केलेल्या योनीमार्गातील सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये त्याचा बराच अंदाज येतो.

तिसरी शक्यता मात्र सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. वर्षानुवर्षे वेदना सोसल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायमचे आखडतात, मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते, आणि मूत्राशयाची किंवा आतड्याची स्वतंत्र दुखणी त्यात मिसळतात. ही वेदना खरीच असते, परंतु गर्भाशय काढून ती जात नाही. त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे आणि वेदनातज्ज्ञ यांची गरज असते. शस्त्रक्रिया ठरली असली, तरी हे उपचार आधीच सुरू करावेत.

हा उलगडा करण्यासाठी किमान 3 महिने रोज नोंद ठेवा. वेदना कुठे आहे, किती आहे, पाळीत आहे की पाळी नसतानाही आहे, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी वाढते का, संबंधाच्या वेळी खोलवर दुखते का, हे चार शब्दांत लिहिले तरी चालेल. केवळ पाळीपुरती कळ आणि महिनाभर सतत राहणारी वेदना यांचा अर्थ वेगळा असतो. त्यासोबत आधीच्या शस्त्रक्रियांचे पूर्ण अहवाल, बायोप्सीचे निष्कर्ष आणि उपलब्ध असल्यास दुर्बिणीतून घेतलेली छायाचित्रे मिळवा. गाठी मुळापासून कापून काढल्या होत्या की वरवर जाळल्या होत्या, हे त्या कागदांतूनच समजते. सोनोग्राफी किंवा एमआरआय सामान्य आल्याने आजार नाही असे सिद्ध होत नाही, कारण आवरणावरचे उथळ डाग त्यात बहुधा दिसत नाहीत.

आधी काय करून पाहिले आहे

युरोपातील तज्ज्ञ संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्यांना पुढे गर्भधारणा नको आहे आणि गर्भाशय राखणाऱ्या उपचारांचा ज्यांना उपयोग झाला नाही, त्यांच्या बाबतीत गर्भाशय काढण्याचा विचार करता येतो. तो करताना दिसणारा सर्व आजार काढावा आणि एवढे करूनही लक्षणे जातीलच याची खात्री नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे, असेही त्यात म्हटले आहे.

हे आधीचे उपचार म्हणजे मुख्यतः हार्मोनची औषधे आणि गाठी कापून काढण्याची शस्त्रक्रिया. औषधांत रोज 2 मिलिग्रॅम डायनोजेस्ट किंवा अन्य प्रोजेस्टोजेन (अस्तराची वाढ रोखणारे हार्मोन), सलग घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची, कॉपर-टीसारखी दिसणारी पण तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी साधने येतात. एखादे औषध निरुपयोगी ठरवण्यापूर्वी सहसा 3 महिने तरी द्यावे लागतात. अंडाशयांचे काम तात्पुरते थांबवणारी जीएनआरएच गटातील औषधे त्यापुढची पायरी आहेत. त्यांनी हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून ती दीर्घकाळ घ्यायची असल्यास सोबत थोड्या प्रमाणात हार्मोन पूरक म्हणून देतात. या औषधांचा आणखी एक उपयोग आहे. अंडाशये थांबल्यावर शरीराला आणि मनाला कसे वाटते, याचा अनुभव ती परत फिरता येण्याजोग्या मार्गाने देतात. अंडाशये शांत असतानाही वेदना तशीच राहिली, तर अंडाशये कायमची काढून आराम मिळेल ही अपेक्षा डळमळीत होते. ही निर्णायक चाचणी नव्हे, पण बरेच काही सांगून जाते.

इथे माझे एक मत स्पष्टपणे नोंदवते. ही यादी म्हणजे शिक्षा नाही. हार्मोनमुळे तीव्र नैराश्य येणाऱ्या स्त्रीने केवळ कागदावर सर्व पायऱ्या पूर्ण दिसाव्यात म्हणून प्रत्येक गोळी गिळत राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याचप्रमाणे गर्भधारणा हा या आजारावरचा उपचार नाही. ‘एक मूल होऊ दे, सगळं ठीक होईल’ या सल्ल्यावर कोणीही आई होण्याचा निर्णय घेऊ नये.

गर्भाशय आणि अंडाशये : दोन वेगळे निर्णय

‘टोटल हिस्टरेक्टॉमी’ या शब्दाने मोठा घोटाळा होतो. त्याचा अर्थ गर्भाशय आणि त्याचे मुख काढणे एवढाच आहे. त्यात अंडाशये येत नाहीत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी गर्भाशय, गर्भाशयमुख, बीजनलिका, उजवे अंडाशय आणि डावे अंडाशय यांतले काय काढणार आणि काय ठेवणार, हे प्रत्येकाचे नाव घेऊन विचारा आणि लिहून घ्या. गर्भाशयमुखाजवळ आजार राहू नये म्हणून ते सहसा काढतात. बीजनलिका काढल्याने पुढे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, म्हणून अंडाशये ठेवली तरी नलिका काढण्याचा सल्ला मिळू शकतो.

अंडाशयांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, कारण दोन्ही पारड्यांत वजन आहे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या 138 स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात, गर्भाशय काढताना अंडाशये ठेवलेल्यांपैकी 62 टक्क्यांना पुन्हा वेदना झाल्या, तर दोन्ही अंडाशये काढलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. हे आकडे आजही अंडाशये काढण्याच्या बाजूने सांगितले जातात. पण त्यात अंडाशये ठेवलेल्या स्त्रिया फक्त 29 होत्या. 2008 च्या दुसऱ्या अभ्यासात, गर्भाशय काढून अंडाशये ठेवलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांना 7 वर्षांपर्यंत दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. अंडाशयेही काढलेल्यांत हे प्रमाण सुमारे 92 टक्के होते. तिशीतल्या स्त्रियांमध्ये मात्र अंडाशये काढल्याने पुढची शस्त्रक्रिया टळण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

दुसऱ्या पारड्यात पुढचे आयुष्य आहे. दोन्ही अंडाशये काढताच त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, आणि ती नैसर्गिक रजोनिवृत्तीसारखी हळूहळू येत नाही. गरमीचे झटके, झोपमोड, योनीचा कोरडेपणा, इच्छा मंदावणे हे लगेच जाणवते, आणि हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका हळूहळू वाढतो. म्हणून तरुण वयात अंडाशये काढली, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन घेणे सहसा आवश्यक मानतात. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन देण्याऐवजी त्यासोबत प्रोजेस्टोजेन देण्याचा सल्ला असतो, कारण उरलेला आजार एकट्या इस्ट्रोजेनने पुन्हा जागा होऊ शकतो. पूर्वी स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, तर हार्मोन घेता येतील का, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारले पाहिजे, नंतर नव्हे.

अंडाशये ठेवली तरी परिणाम शून्य नसतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची अंडाशये सरासरी सुमारे 2 वर्षे आधी थकतात, असे अभ्यासांत दिसले आहे. 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासात, अंडाशये राखूनही पस्तिशीपर्यंत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. ते शस्त्रक्रियेमुळेच झाले, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण नंतरच्या काळात रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर इतरांपेक्षा लवकर लक्ष ठेवायला एवढे कारण पुरेसे आहे.

मूल, आणि निर्णयाची मालकी

गर्भाशय काढल्यावर गर्भ धारण करता येत नाही आणि हा निर्णय मागे घेता येत नाही. स्वतःला एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. ही वेदना उद्या अन्य कुठल्या मार्गाने थांबली, तर मला मूल हवेसे वाटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मूल नको असण्याचे कारण वेदना नाही, तो तुमचा स्वतंत्र निर्णय आहे. उत्तर ‘कदाचित’ असेल, तर आधी बीजे गोठवण्याबद्दल तज्ज्ञाशी बोला. अंडाशयांवरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेने बीजांचा साठा घटू शकतो, त्यामुळे हे संभाषण शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवे. स्वतःची बीजे असतील, तर सरोगसीने मूल होऊ शकते, परंतु त्याबाबतचे कायदे देशोदेशी फार वेगळे आहेत.

कमी वयात घेतलेल्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो, हे तुम्हाला वारंवार ऐकवले जाईल. त्यासाठी बहुधा नसबंदीच्या अभ्यासाचा आधार देतात. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात 14 वर्षांच्या काळात तिशीपर्यंत नसबंदी केलेल्या सुमारे 20 टक्के, तर तिशीनंतर केलेल्या सुमारे 6 टक्के स्त्रियांनी पश्चात्ताप व्यक्त केला. हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण त्या स्त्रिया वेदनेपासून सुटका मागत नव्हत्या, आणि 20 टक्के म्हणजे उरलेल्या 80 टक्क्यांना तसे वाटले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. जोडीदाराशी आणि घरच्यांशी जरूर बोला. शरीर तुमचे आहे, म्हणून शेवटचा शब्दही तुमचाच असला पाहिजे. वेदनेच्या सर्वांत वाईट आठवड्यात किंवा कुणाशी भांडण झाल्यावर मात्र तारीख ठरवू नका.

सर्जनला विचारायचे प्रश्न

तुम्ही खोलवर गेलेला आजार वर्षाला किती स्त्रियांमध्ये काढता? गर्भाशयासोबत दिसणारा सगळा आजार काढणार आहात की फक्त गर्भाशय? आतडे किंवा मूत्रवाहिनी गुंतलेली असल्यास त्या अवयवांचे सर्जन शस्त्रक्रियागृहात असतील का? शौचासाठी पोटावर तात्पुरता मार्ग तयार करावा लागण्याची शक्यता किती आहे? आत गेल्यावर अंडाशय वाईट स्थितीत दिसले, तर मला न विचारता काढाल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवून लेखी ठेवावे. प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरांकडे न जाता दुसरे मत घ्यावे, असे मला मनापासून वाटते. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

शस्त्रक्रियेनंतर

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल लवकर सुरू होते. पण आतली जखम भरायला साधारण 6 आठवडे लागतात, आणि तोवर जड वस्तू उचलणे टाळावे लागते. योनीच्या वरच्या टोकाला टाके असल्याने संबंध किमान 6 ते 8 आठवडे आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत टाळावेत. ताप, वाढता रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, एका पायावर सूज किंवा लघवी न होणे यांपैकी काही झाले, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

काढलेल्या भागांचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. अ‍ॅडिनोमायोसिस होता का, आजार कुठे कुठे सापडला, हे त्यात लिहिलेले असते. पुढे पुन्हा दुखू लागले, तर नव्या डॉक्टरांना आधी तोच कागद दाखवा. अंडाशये ठेवली असतील, तर पाळी नसल्याने रजोनिवृत्ती कळून येत नाही, म्हणून झोप उडणे किंवा गरमीचे झटके सुरू झाल्यास रक्ततपासणी करून घ्यावी.