प्रीअँपची ट्यूब बदलताय? आधी या चुका टाळा

गिटारचा अँप दुरुस्तीला येतो आणि पाठोपाठ प्रीअँपच्या, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, ट्यूबचा खोका पिशवीतून निघतो. “काका, एवढी बसवून द्या, टोन वॉर्म होतो म्हणतात.” आत्ताच्या आवाजात काय खटकतंय, हे विचारलं की गडी गप्प.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा फेंडर डिलक्स रिव्हर्ब घेऊन आला. पगारातले चांगले पैसे मोडून त्याने जुन्या स्टॉकची १२एएक्स७ ही प्रीअँपची नेहमीची ट्यूब मागवली होती. इनपुटजवळची पहिली ट्यूब टोन ठरवते असं सगळे सांगतात, म्हणून व्ही-१ मध्ये, म्हणजे पहिल्या सॉकेटमध्ये, बसवली. तीन दिवस वाजवलं, फरक शून्य. ट्यूब नकली म्हणून विकणाऱ्याशी भांडूनही झालं. मी विचारलं, गिटार कुठल्या जॅकला लावतोस? “व्हायब्रॅटोला. रिव्हर्ब, तो घुमणारा इफेक्ट, तिकडेच आहे ना.”

इथेच घोळ होता. या अँपमध्ये नॉर्मल आणि व्हायब्रॅटो असे दोन चॅनल. व्ही-१ ही नॉर्मल चॅनलची ट्यूब, व्हायब्रॅटो चॅनलची पहिली ट्यूब व्ही-२. त्याची महागडी ट्यूब तीन दिवस देवघरातल्या दिव्यासारखी नुसती जळत होती. मी ती एक घर सरकवली. वरची करकर जराशी निवळली. “एवढाच फरक?” एवढाच. याहून मोठा बदल हवा असेल तर स्पीकर बदलायचा, ट्यूब नाही.

मागून पाहिलं तर यात व्ही-१ उजव्या टोकाला असते. व्ही-३ रिव्हर्ब चालवणारी (ड्रायव्हर), व्ही-५ ट्रेमोलोची, म्हणजे आवाज लहान-मोठा करत थरथरवणाऱ्या इफेक्टची, व्ही-६ पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारी (फेज इन्व्हर्टर). तिसरी आणि सहावी १२एटी७, बाकी चार १२एएक्स७. ट्यूबचा तक्ता बहुधा कॅबिनेटच्या आतच चिकटवलेला असतो. तो वाचायला दोन मिनिटं लागतात, पण ऑर्डर आधी जाते.

दुसरी चूक पेन्सिलची, आणि ती मीही केली आहे. चालू अँपच्या ट्यूबवर पेन्सिलने टकटक केलं आणि ‘टिंग’ ऐकू आलं की ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे माइकसारखे पकडणारी, ठरवून मोकळे! पहिली ट्यूब थोडी वाजणारच. तिच्यामागचे सगळे टप्पे तीच टकटक वाढवत नेतात. टकटक थांबल्यावरही आवाज घुमत राहिला किंवा शिट्टी सुटली, तर ट्यूब वाईट. एका स्वराला खरखर येते म्हणून मी दोन चांगल्या ट्यूब काढून टाकल्या होत्या. शेवटी पाठीमागच्या फळीचा ढिला स्क्रू सापडला. आता मी आधी स्क्रू आवळतो, मग ट्यूबच्या पत्र्याच्या टोप्या हाताने दाबून धरतो, आणि पेन्सिल सगळ्यात शेवटी.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढतो ते, कमी करायचा म्हणून थेट १२एयू७ लावणारेही भेटतात. १२एएक्स७ चा वाढवण्याचा गुणक १००, ५७५१ चा ७०, १२एवाय७ चा ४५ च्या आसपास, आणि १२एयू७ चा जेमतेम २०. एकदम तळाला गेलात तर अँप मुका होतो. मी आधी ५७५१ लावून पाहतो. १२एटी७ चा गुणक ६० असला तरी १२एएक्स७ च्या जागी ती मला कोरडी वाटते. हा माझ्या कानाचा दोष धरा हवं तर.

पायांची संख्या नऊ म्हणजे ट्यूब चालेल, असं नाही. रशियन ६एन२पी दिसायला सारखीच, पण तिच्या हीटरची, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेची, जोडणी वेगळी.

खोक्यावर मुलार्ड लिहिलं म्हणजे ती इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातली जुनी मुलार्ड नव्हे. आजच्या मुलार्ड, टंग-सोल आणि सोव्हटेक एकाच कारखान्यातून, रशियातल्या सारातोव्हहून येतात.

प्रीअँपच्या ट्यूबला बायस करून घ्यायचे, म्हणजे तिचा करंट जुळवून घ्यायचे, पैसे देऊ नका. ते स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबना लागतं.

गरम ट्यूब ओढू नका. अँप बंद, वायर भिंतीतून बाहेर, दहा मिनिटं चहा. मग ट्यूब अगदी हलकी गोल डुलवत सरळ ओढायची, आडवी रेटायची नाही.

आणि सगळ्या ट्यूब एकाच दिवशी बदलू नका. आवाज बिघडला तर कुणामुळे, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मी एक बदलतो, आठवडाभर वाजवतो, काढलेलीवर मार्करने सॉकेटचा नंबर टाकून डब्यात ठेवतो. त्या मुलालाही त्याची काढलेली जुनी ट्यूब तशीच गुंडाळून दिली होती. गणपतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्याचा ट्रेमोलो बंद पडला, तेव्हा व्ही-५ मध्ये तीच बसली.