मॅकिआव्हेली वाचताना 'व्हिर्तू'पाशी थांबा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी इटालियन राजकीय विचारवंत मॅकिआव्हेली याचे, राजाने सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरचे 'प्रिन्स' तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा चुकीचे वाचले, हे मला आजही बोचते. अवघ्या 26 प्रकरणांचे पुस्तक आठवड्यात आटोपेल, असे नव्या विद्यार्थ्याला वाटते. ते आटोपत नाही.

माझी चूक एका शब्दाची होती. मॅकिआव्हेली ज्याला 'व्हिर्तू' म्हणतो, त्यासाठी मी टिपणांत सर्वत्र 'सद्गुण' लिहिले होते. सहाव्या प्रकरणापर्यंत ते कसेबसे खपले. सातव्यात पोपचा मुलगा आणि सेनानी सेझारे बोर्जा येतो. इटलीतल्या रोमान्या प्रांताला शिस्त लावण्यासाठी तो रेमिर्रो दे ओर्को या क्रूर अधिकाऱ्याला नेमतो, आणि काम झाल्यावर लोकांचा रोष आपल्यावर येऊ नये म्हणून 1502च्या डिसेंबरात त्याच अधिकाऱ्याचे दोन तुकडे केलेले प्रेत तिथल्या चेझेना शहराच्या चौकात ठेववतो. अशा माणसाचे 'सद्गुण' लेखकाला का भावावेत, हे मला उमगेना. म्हणून लेखकालाच दुष्ट ठरवून मी उत्तर लिहिले आणि त्या पेपरात जेमतेम उत्तीर्ण झाले.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'व्हिर', म्हणजे पुरुष, आहे. प्रसंग ओळखणे, वेळेवर निर्णय घेणे आणि तो तडीस नेणे, हे सारे त्यात येते. मराठीत 'कर्तबगारी' मला त्याच्या सर्वांत जवळची वाटते. तिच्यासमोर 'फोर्तूना', म्हणजे दैव, उभे असते. 25व्या प्रकरणात दैवाला पूर आलेल्या नदीची उपमा आहे: बांध घालायचे ते नदी शांत असतानाच. परंतु 'कर्तबगारी'ही डोळे मिटून सगळीकडे बसवू नका. आठव्या प्रकरणात प्राचीन सिसिलीतील सिराक्यूजचा सत्ताधीश अगाथोक्लीस याच्याबद्दल मॅकिआव्हेली म्हणतो की, नागरिकांची कत्तल आणि मित्रांचा विश्वासघात यांना व्हिर्तू म्हणता येत नाही, कारण त्यातून सत्ता मिळते, कीर्ती नाही. आणि लगेच पुढे संकटांतून निभावून जाणाऱ्या त्याच अगाथोक्लीसच्या व्हिर्तूचा उल्लेख करतो. ही विसंगती कशी सोडवावी, यावर अभ्यासकांचेही एकमत नाही. त्यामुळे येथे अडखळलात, तर घाबरू नका. तुम्ही मजकूर नीट वाचत आहात.

गाईडे मात्र दूर ठेवा. 'साध्य साधनांचे समर्थन करते' हे वाक्य या पुस्तकात नाहीच. 18व्या प्रकरणात एवढेच आहे की, ज्यांच्यावर दाद मागण्याचे न्यायालय नाही, अशा राजांच्या कृतींचे मोल लोक परिणामावरून करतात. कौटिल्याशी तुलनाही पहिल्या वर्षी करू नये, कारण तिच्यापायी दोन्ही ग्रंथ अर्धेच वाचले जातात. तयार टिपणे देणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा 'हे कोणत्या प्रकरणात आहे?' असे विचारणारे मार्गदर्शक शोधा. मला ते उशिरा भेटले.

लेखकाचा काळही विसरू नका. 1498 ते 1512 त्याने फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चाकरी केली. फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारे मेदिची घराणे परतताच पद गेले, 1513मध्ये कैद आणि छळ सोसावा लागला, आणि त्याच वर्षी गावाकडच्या घरात त्याने हे पुस्तक लिहायला घेतले. म्हणून यानंतर रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथावरील त्याचे 'डिस्कोर्सेस' हाती घ्या. त्याच्या पहिल्या भागातील 58व्या प्रकरणात हाच लेखक सांगतो की, लोकसमुदाय राजापेक्षा अधिक शहाणा आणि अधिक स्थिर असतो.